एका काचेचा चष्मा

मी फक्त एक स्क्रू सैल केला. मुंगीच्या डोक्याएवढा. त्यानंतर जे झालं, म्हणजे मी भर दफनभूमीत चुन्याच्या बादलीत बसलो, नऊ वर्षांची अब्रू एका दुपारी गेली वगैरे, त्यातलं काहीही माझ्या मनात नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. (इझाबेल म्हणते, तुमच्या मनात कधीच काही नसतं, तोच तर प्रॉब्लेम आहे.)

मी क्लेमेंट. वय अठ्ठावन्न. राहणार होळी गाव, वसई. नोकरी सातिवलीला, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कंपनीत डिस्पॅच क्लार्क. स्वभाव भित्रा. ही शेवटची नोंद कंपनीच्या रेकॉर्डला नाही, पण बाकी सगळ्या वसईला ठाऊक आहे. बोट कापलं तर मी बोटाकडे बघत नाही. इझाबेलच्या तोंडाकडे बघतो आणि त्यावरून किती कापलं असेल याचा अंदाज घेतो.

सप्टेंबरपासून मला उजव्या डोळ्याने सगळं दुधाच्या पातेल्यातून बघितल्यासारखं दिसायला लागलं. मी ते कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की डॉक्टर येतो, डॉक्टर आला की सुई येते, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. पण मग एक दिवस बोईसरची खोकी मी भिवंडीच्या ट्रकमध्ये चढवली, आणि त्याच आठवड्यात चर्चबाहेर परक्याच बाईला "चल, उशीर झाला" म्हणून दटावलं. ती बाई बिचारी चार पावलं आलीसुद्धा. हे लविनाने पाहिलं. लविना आमची मुलगी. तिने त्याच संध्याकाळी एव्हरशाईन सिटीतल्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलची अपॉइंटमेंट घेऊन टाकली.

"पप्पा, अठ्ठावीस डिसेंबरला माझं लग्न आहे," ती म्हणाली. "तुम्ही मला वेदीपर्यंत घेऊन जाणार आहात. दुसरीलाच कोणाला घेऊन गेलात तर?"

आमच्यात बाप मुलीचा हात धरून तिला चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत चालवत नेतो. माझं आयुष्यात कुठेच फारसं काम पडलेलं नाही, पण हे एक काम माझ्याशिवाय दुसरा कोणी करू शकत नव्हता. लविना चार वर्षांची असल्यापासून मी त्या चालण्याची मनातल्या मनात तालीम करत आलो होतो. त्यामुळे गेलो. ऑफिसमधून हाफ डे घेऊन, एकटाच. (एकटाच, कारण मला चक्कर आली तर ती घरच्यांनी बघू नये.)

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि फार मोकळेपणाने बोलत होत्या. मला न बोलणारे डॉक्टर आवडतात.

"उजव्या डोळ्यात मोतीबिंदू चांगलाच वाढलाय. ऑपरेशन करावं लागेल. डाव्यात आत्ताशी सुरुवात आहे, तो थांबू शकेल."

"उजवासुद्धा थांबेल," मी म्हणालो. "आमच्या घरात सगळे थांबणारेच आहेत."

त्यांनी टेबलावरचा नारळाएवढा प्लॅस्टिकचा डोळा उघडला आणि आतलं भिंग काढून माझ्या हातावर ठेवलं. "हे गढूळ झालेलं भिंग आम्ही काढतो, आणि जागेवर नवीन लेन्स बसवतो. दहा-पंधरा मिनिटांचं काम."

"पेशंट झोपलेला असतो ना?"

"आडवा असतो. जागा असतो."

"आणि डोळा?"

"उघडा."

"मध्येच मिटला तर?"

"मिटत नाही. पापण्यांना एक छोटी क्लिप लावतो."

यानंतर मला आठवतं ते छत. छताला पांढरा पंखा होता आणि एक नर्स माझ्या तोंडावर पाणी शिंपडत होती. ते प्लॅस्टिकचं भिंग कपाटाखाली गेलं होतं आणि वॉर्डबॉय झाडूने ते बाहेर काढत होता.

मग मला बाकावर बसवून साखरेचा चहा दिला आणि डॉक्टरीणबाईंनी लेन्सचे तीन प्रकार समजावून सांगितले. पहिला प्रकार, एकाच अंतराची लेन्स. लांबचं स्वच्छ दिसणार, वाचायला मात्र चष्मा. दुसरा, लांबचं-जवळचं दोन्ही दिसणारी लेन्स. चष्मा जवळजवळ जातो, पण काही जणांना अंधारात दिव्यांभोवती वलयं दिसतात. तिसरा प्रकार, एक डोळा लांबच्यासाठी आणि दुसरा जवळच्यासाठी. हे सगळ्यांनाच जमत नाही, म्हणून आधी इथेच ट्रायल घेऊन बघावी लागते.

"घरी जाऊन नीट विचार करा," त्या म्हणाल्या. "लेन्स ठरली की मी तारीख देते. फक्त पंधरा नोव्हेंबरच्या आत करून घ्या, म्हणजे लग्नापर्यंत डोळा छान बसेल. उशीर केलात तर त्या दिवशी तुम्हाला मुलीचा चेहरासुद्धा धड दिसणार नाही."

त्यातलं एकच वाक्य मी घरी घेऊन आलो. लेन्स ठरली की तारीख. म्हणजे लेन्स ठरली नाही तर तारीख नाही, तारीख नाही तर क्लिप नाही. तीस वर्षं डिस्पॅचला काढल्यावर एवढं कळतं, की ऑर्डर कन्फर्म झाल्याशिवाय गाडी हलत नाही.

"काय म्हणाल्या?" इझाबेलने दारातच विचारलं.

"मोतीबिंदू आहे. घाई काही नाही. लेन्स शांतपणे निवडा म्हणाल्या."

(आम्ही घरात आमच्या बोलीत बोलतो आणि भांडतो. तुमच्यासाठी ते सगळं शाळेतल्या मराठीत आणून देतोय. भांडणातली निम्मी मजा वाटेत सांडली, पण शिव्याही सांडल्या, हे बरंच झालं.)

ऑक्टोबर महिना मी शांतपणे लेन्स निवडली. इतकी शांतपणे, की गावात ज्याला-ज्याला डोळे आहेत त्या प्रत्येकाचं मत घेतलं. सकाळी पहिला प्रकार बरा वाटायचा. दुपारी कोणीतरी दुसऱ्याबद्दल चांगलं बोललं की मी सुटकेचा निःश्वास टाकून पुन्हा पहिल्यापासून विचार करायचो. मिस्सा संपल्यावर फादरनाही विचारलं. त्यांनी स्वतः पहिला प्रकार घेतला होता आणि ते अगदी खूश होते. मी म्हटलं, "फादर, तुमचं वेगळं. तुम्हाला मुख्यतः वर बघायचं असतं." फादर बराच वेळ माझ्याकडेच बघत राहिले.

"साडी घ्यायला मला दोन तास लागले तर तुम्ही दुकानाबाहेर बसून उसासे टाकता," इझाबेल म्हणाली. "आणि ही काच निवडायला महिना?"

"साडी बदलून मिळते," मी म्हणालो.

हे मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो. पण मला लाज वाटायची. रोज संध्याकाळी लविना लग्नाची एकेक वस्तू आणून दाखवायची, मी "छान, छान" म्हणायचो, आणि मला दिसायचा फक्त एक पांढरट ढग. एकदा मी रिकाम्या पिशवीला छान म्हणालो. ती पिशवीची घडी घालून आत गेली. पंधरा नोव्हेंबर जवळ येत होता आणि ती तारीख घरात मला एकट्यालाच माहीत होती.

शेवटी चंद्रहासने माझा घात केला. चंद्रहास आमच्या कंपनीत स्टोअर सांभाळतो. सँपल पाहिल्याशिवाय तो टाचणीसुद्धा आत घेत नाही.

"तिसरा प्रकार घे," तो म्हणाला. "एक डोळा लांब, एक डोळा जवळ. म्हणजे चष्म्याची कटकटच नाही. पण आधी सँपल बघ."

"त्याचं सँपल कुठे मिळतं?"

"तुझ्या नाकावर आहे की. वाचायच्या चष्म्याची एक काच काढ. काचेचा डोळा जवळचं बघेल, मोकळा डोळा लांबचं बघेल. चार दिवस घालून फिर. आपोआप कळेल."

चार दिवस! मला चारच दिवस हवे होते. त्यानंतर आणखी चार मागता आले असते. मी त्याचा बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेतला, फ्रेमचा स्क्रू सैल केला आणि उजवी काच काढून डब्यात ठेवली.

आता तुमच्यातल्या हुशार वाचकांच्या लक्षात आलं असेल. मोतीबिंदू उजव्या डोळ्यात होता. म्हणजे जो डोळा त्यातल्या त्यात चांगला, त्याच्यावर मी काच ठेवून त्याला जवळचं काम दिलं, आणि लांबचं सगळं काम ज्याला काहीच दिसत नव्हतं त्याच्यावर सोपवलं. आमच्या कंपनीतही कामांची वाटणी साधारण अशीच होते, म्हणून मला त्यात काही चुकीचं वाटलं नसावं.

दुसऱ्या दिवशी दोन नोव्हेंबर होता, आमचा मृतांचा दिवस. त्या दिवशी घरोघरचे लोक आपापल्या माणसांच्या कबरी धुतात, चुना लावतात, फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात. संध्याकाळी फादर येऊन सगळ्या कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात. दरवर्षी आम्ही एकत्रच जातो. या वर्षी इझाबेल म्हणाली, "तुम्ही पुढे होऊन बाबांची कबर धुऊन ठेवा. मी आणि लविना पाच वाजता मेणबत्त्या घेऊन येतो."

दुपारी तीन वाजता मी चुन्याची बादली, कुंचला आणि वाडीतल्या झेंडूची टोपली घेऊन निघालो. नाकावर सँपल. फाटकाजवळ उभ्या असलेल्या एका जाड्या गृहस्थांना मी आदराने मान लववली. ती पाण्याची टाकी होती.

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. फाटकापासून दुसरी रांग, भिंतीकडून पाचवी कबर. मी मोजत गेलो. भिंतीजवळच्या दोन कबरी मला एकच दिसल्या, एवढाच काय तो फरक. पाचव्या कबरीशी थांबलो. क्रुसावरचं नाव वाचलं नाही. आपल्या बापाच्या कबरीवरचं नाव कोण वाचतं?

मी कबर धुतली. असा चुना लावला की स्वतःच्या घराला कधी लावला नव्हता. झेंडूची सगळी टोपली तिच्यावर रिकामी केली. दफनभूमीत अजून फारसं कोणी आलं नव्हतं. मी कडेला बसलो, आणि का कोण जाणे, मला भरून आलं.

"बाबा," मी म्हणालो, "मला फार भीती वाटते."

एवढं म्हणायला मला महिना लागला होता. मग थांबेना. डोळा उघडा ठेवणार आहेत, क्लिप लावणार आहेत, हे सांगितलं. पंधरा तारखेच्या आत करायला सांगितलंय आणि मी घरात खोटं बोललोय, हेही सांगितलं. "तुमची नात लग्नाच्या पोशाखात कशी दिसते ते मला दिसणार नाही, बाबा, आणि तरी मी जात नाही. इतका मी भित्रा."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मन मोकळं करायला बसलं की माणूस तळापर्यंत जातो.

त्यासाठी तुम्हाला आमचा माड माहीत पाहिजे. आमची वाडी आणि शेजारची वाडी यांच्या हद्दीवर एक माड आहे. शेजारी इनास आणि त्याची बायको मार्था. इनास म्हणायचा, हद्दीचा दगड माडाच्या अलीकडे, तुमच्या बाजूला आहे, माड आमचा. मी म्हणायचो, दगड माडाच्या पलीकडे आहे, अळूच्या पानांत मला इथूनही दिसतो, माड आमचा. नऊ वर्षांपूर्वी मी चार लोकांसमोर क्रुसावर हात ठेवून ते सांगितलं. तेव्हापासून दोन घरांचं बोलणं बंद. चार वर्षांपूर्वी इनास वारला. मी मयतीला गेलो, खांदा दिला, आणि मार्थाबायशी एक शब्द न बोलता घरी आलो.

"आणि बाबा," मी म्हणालो, "तो इनास इथेच शेजारी पडलाय. मेला तरी हट्टी. पण एक सांगतो. तो गेल्यापासून त्या माडाचे पडलेले नारळ मीच उचलतो. मार्थाबाय उठायच्या आधी. आपलाच माड आहे, पण उचलताना मी वाकून पळतो."

"आणि मागच्या रविवारी पडलेले दोन?" आवाज आला.

"तेही मीच," मी म्हणालो.

मग माझ्या लक्षात आलं की विचारलं कोणी, ते मला माहीत नाही. समोर कबर होती. आवाज बाईचा होता. अकरा वर्षांत बाबांचा आवाज बदलला असेल, असंही माझ्या मनात येऊन गेलं. दचकून उठायला गेलो तो पाय ओल्या चुन्यावरून घसरला. मी मागे कोसळलो तो थेट चुन्याच्या बादलीत. चक्क बसलो. बादली माझ्या मापाची होती.

मागे मार्थाबाय उभी होती. हातात मेणबत्त्या आणि शेवंतीचा पुडा.

"क्लेमेंट," ती म्हणाली, "ही इनासची कबर आहे."

मी बादलीसकट पुढे सरकून, डावा डोळा क्रुसाला टेकवून नाव वाचलं. इनासचीच होती. बाबा शेजारच्या, भिंतीकडच्या कबरीत होते. एक फूल नाही, चुन्याचा एक हात नाही. आणि इतकी वर्षं ज्याच्याशी भांडलो त्याला मी अख्ख्या रांगेत सर्वांत देखणा करून ठेवला होता, आणि वर त्याच्याचसमोर नारळांचा हिशेब दिला होता.

मला वाटलं, आता ही ओरडणार. लोक जमा होणार. मी हात जोडले. बादलीत बसून हात जोडले की माणूस फार वाईट दिसतो, हे मला तिच्या तोंडावरून कळलं. ती हसली नाही, पण त्यासाठी तिला मेणबत्त्या घट्ट धराव्या लागल्या.

तिने मला हात देऊन वर काढलं. त्यात माझा चष्मा खाली पडला, तो उचलला, आणि रिकाम्या बाजूतून बोट आरपार घातलं.

"हे काय?"

"सँपल," मी म्हणालो.

मी सगळं सांगितलं. तिने निम्मं ऐकलंच होतं. मग ती इनासच्या कबरीच्या कडेला, ओला चुना न बघता, बसली.

"माझे दोन्ही डोळे झालेत," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. त्याच हॉस्पिटलात. मुलगा कॅनडात, इनास इथे. एकटी रिक्षा करून गेले. तूच सांग, मला भीती वाटली नसेल?"

मी पँटवरचा चुना खरवडायला लागलो.

"आदल्या दिवशी मी कुंपणापाशी आले होते. इझाबेलला म्हणणार होते, उद्या जरा बरोबर ये. तू पडवीत बसला होतास. मला बघून आत गेलास."

मला ती संध्याकाळ आठवली. मला वाटलं होतं ती नारळांचं विचारायला आली आहे. क्लिपबद्दल ऐकून जेवढं वाईट वाटलं नव्हतं तेवढं मला त्या क्षणी वाटलं, आणि ते मी तिला तसंच सांगितलं. "माझं चुकलं, मार्थाबाय."

"चुकलं तर चुकलं. चुना मात्र छान लावलास. चार वर्षांत त्याला इतकं कोणी सजवलं नव्हतं." तिने पुड्यातली अर्धी शेवंती माझ्या हातावर ठेवली. "ही तुझ्या बाबांना घाल. ऑपरेशनला मी येते तुझ्याबरोबर. आणि इथलं मी कोणाला सांगणार नाही. फक्त एका अटीवर."

"कुठली?"

"पट्टी काढून घरी आलास की त्या चांगल्या डोळ्याने माडाकडे बघायचं. दगड कुठे आहे ते बघायचं, आणि मला खरं सांगायचं."

"लगेच!" मी म्हणालो. दगड मला गेली नऊ वर्षं दिसत होताच. (हे वाक्य लिहिताना आता माझा हात जरा अडखळला.)

पाच वाजता इझाबेल आणि लविना आल्या. नवऱ्याची पँट मागून पांढरी, मार्थाबायची साडी मागून पांढरी, आणि दोघं बाबांच्या कबरीवर मिळून फुलं लावतायत, हे बघून इझाबेलच्या हातातली मेणबत्ती वाकडी झाली.

"इझाबेल," मार्थाबाय म्हणाली, "क्लेमेंटची लेन्स ठरली. पंधराच्या आत करायचंय म्हणे. मी येणार आहे."

"पंधराच्या आत?" इझाबेलने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याबद्दल मी इथे लिहीत नाही. "आणि कोणती ठरली?"

तिघीही माझ्याकडे वळल्या. सुटायला जागा नव्हती. लविना माझ्यापासून दहा पावलांवर उभी होती आणि तिच्या तोंडाच्या जागी मला फक्त पांढरं दिसत होतं.

"पहिली," मी म्हणालो. "लांबचं दिसणारी. वाचायला चष्मा लावेन. लविनाला बघायला चष्मा नको."

माझा आवाज कापत होता. सगळ्यांना वाटलं ते प्रेमाने. निम्मं ते होतंही.

बारा तारीख ठरली. आदल्या दिवशी मी मृत्युपत्राचा विषय काढला. इझाबेल म्हणाली, तुमच्याजवळ सोडून जाण्यासारखं आहे काय, तर सायकल आणि तो स्क्रू-ड्रायव्हर. (आणि तो चंद्रहासचा आहे.) हॉस्पिटलमध्ये मला हिरवी टोपी घातली, डोळ्यात थेंबांवर थेंब घातले. इझाबेल एका बाजूला, मार्थाबाय दुसऱ्या बाजूला, अशा दोघींनी मला दारापर्यंत धरून नेलं. त्यातला आधार किती आणि बंदोबस्त किती, हे मी विचारलं नाही.

आत तोंडावर कापड आलं, त्याला फक्त एका डोळ्यापुरतं भोक. वर प्रखर दिवा. मी नर्सचा हात धरला आणि मनात जपमाळ सुरू केली. काहीतरी गार लागलं, पाणी वाहिल्यासारखं झालं, रंग इकडून तिकडे गेले. एकदा मी "आई गं" म्हणालो, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून हात लावला नाही." मी माफी मागून पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरुवात केली.

"झालं," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या.

"सुरू झालं?"

"संपलं, काका. आता माझ्या नर्सचा हात सोडा. तिला पुढच्या पेशंटला धरायचंय."

माझी जपमाळ निम्मीसुद्धा झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा लविना रजा टाकून आली होती. दाराशी उभी होती, लांब. आणि मला ती दिसली. अख्खी. तिच्या हनुवटीवरचा लहानपणच्या जखमेचा व्रण दिसला, डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली. ती माझ्या काळजीने आली होती हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मला रडू फुटलं.

"रडायचं नाही," डॉक्टरीणबाई ओरडल्या. "औषध वाहून जाईल!"

मग मी न रडता हुंदके दिले. तसं करता येतं.

घरी आलो. काळा चष्मा लावून पडवीत बसलो. अट आठवली. छाती पुढे काढून मी चष्मा वर केला आणि माडाकडे, माडाच्या पलीकडे, अळूच्या पानांत बघितलं. माझा दगड जागेवर होता. इतका स्वच्छ दिसला की मला उमाळा आला. त्याच्या कडा गोल होत्या. अंगावर बारीक उभ्या-आडव्या रेघा होत्या. आणि वरच्या बाजूला एका ओळीत टाके होते.

दगडाला टाके नसतात. मी उठून जवळ गेलो. ती सिमेंटची गोणी होती. पावसात भिजून दगड झालेली, गोणपाट कुजून गेलेलं, पण विणीचा छाप आणि शिवणीचे टाके तसेच. त्या गोणीसाठी मी क्रुसावर हात ठेवला होता.

मग खरा दगड कुठे? मी मान वळवली. माडाच्या अलीकडे, आमच्या नळाच्या पायरीशी एक चौकोनी काळा दगड होता. डोक्यावर हद्दीची फुली कोरलेली. त्याच्यावर पाय ठेवून मी गेली नऊ वर्षं चपला धुतो.

"इझाबेल," मी हाक मारली. ती बाहेर आली. मी बोटाने गोणी दाखवली.

"हां, ती," ती म्हणाली. "बाबांनी संडास बांधायला काढला ना, तेव्हाची. मी नवी नवरी होते, बाहेर विसरले आणि पाऊस आला. बाबा तीन दिवस विचारत होते, एक गोणी कुठे गेली. मी अळूत ढकलून दिली."

"आणि मी क्रुसावर हात ठेवला तेव्हा?"

"तोवर बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती, पण मला अजून त्यांची भीती वाटायची," ती शांतपणे म्हणाली. "आणि तुम्ही इतक्या खात्रीने बोलत होतात, की मलाच वाटलं तुम्हाला दुसरा कुठलातरी दगड दिसतोय."

एवढ्यात कुंपणापाशी मार्थाबाय आली. हातात माझ्यासाठी पेजेचं भांडं होतं. मी झटकन काळा चष्मा खाली ओढला.

"काय रे क्लेमेंट, कसं दिसतंय?"

"छान. म्हणजे, बरं."

"मग? दगड दिसला?"

बाजूने इझाबेल आमच्या शेडमधून त्याच माडाचे चार नारळ उचलून कुंपणाकडे निघाली होती. ते मला काळ्या चष्म्यातूनसुद्धा अगदी स्पष्ट दिसत होतं.

"मार्थाबाय," मी म्हणालो, "एका डोळ्याने अंतराचा नीट अंदाज येत नाही. दुसराही झाला की मग पक्कं सांगतो."

"मग डॉक्टरला आजच सांगते," ती म्हणाली. "डाव्याला कोणती लेन्स घेणार?"

तेच ठरवतोय. घाई काही नाही. पहिला प्रकार बरा वाटतो, पण दुसऱ्याबद्दलही लोक चांगलं बोलतात. चारचौघांना विचारूनच निर्णय घ्यावा म्हणतो. तुमचं काय मत आहे? सावकाश कळवा.